०.२ मिमी पत्रा, केमिकल एचिंग आणि वाया गेलेले पाचशे नग

भोसरीकर
मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गुपचूप पळणारा माणूस. पण आज डोकं फिरलंय आणि घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून तंत्रज्ञान विभागात पहिला धागा काढतोय.

एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी आणि सात माणसं. एका सोलेनॉइड व्हॉल्व्हसाठी (विजेच्या चुंबकाने उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) चपटी स्प्रिंग करायची आहे. २८ मिमी व्यासाची चकती, मधे एक गोल, आणि त्या गोलाला बाहेरच्या कड्याशी जोडणारे तीन वळणदार हात. पत्रा एसएस ३०१ फुल हार्ड, म्हणजे रोल करून कडक केलेलं स्टेनलेस, जाडी ०.२ मिमी. हाताची रुंदी १.२०, दोन हातांमधली फट ०.१५.

पहिले पन्नास नग लेझरवर कापून घेतले. दिसायला झकास. गिऱ्हाइकाला दहा लाख ठोके हवेत, म्हणून टेस्ट रिगवर सेकंदाला पाच ठोके या वेगाने लावले. सकाळी दहाला लावलेला नग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मेलेला. सत्तर हजारांच्या आसपास हात मुळाशी तुटायचा, आणि सगळ्या नगांचा तिथेच. भिंगाखाली बघितलं तर कापाची कड तपकिरी-निळसर झालेली आणि खालच्या अंगाला वितळून थिजलेल्या धातूचे बारीक मणी.

प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या साच्याचं (डायचं) कोटेशन पावणेदोन लाख. गिऱ्हाईक वर्षाला फार तर चार हजार नग घेणार, आणि डिझाइन अजून दोनदा बदलेल हे त्याने आधीच सांगून ठेवलंय. वायरकट, म्हणजे तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं, म्हणाल तर पत्रे एकावर एक रचून कापता येतात, पण नेहमीची वायरच ०.२५ ची आणि माझी फट ०.१५ ची!

मग कुणीतरी केमिकल एचिंग सुचवलं, म्हणजे नको तो धातू रसायनाने खाऊन भाग कापायचा. डाय नाही, उष्णता नाही, बर (कडेला उरणारी कुसळं) नाही, फक्त भागाचं चित्र छापलेल्या फिल्मचा खर्च. मी उड्या मारत लेझरवाल्याला दिलेली तीच ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल एका एचिंगवाल्याला पाठवली आणि पाचशे नग सांगितले. काल पेटी आली. हात १.२० च्या जागी १.०८. फट ०.१५ च्या जागी ०.२७. शिवाय कडेवरून नख फिरवलं तर पत्र्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर एक बारीक कंगोरा लागतो.

एचिंगवाला म्हणतो, ड्रॉइंगप्रमाणेच केलंय. मी म्हणतो, मग ड्रॉइंग मला नीट वाचता येत नाही का? पाचशे नग भंगारात. आता मला एवढंच सांगा, ही पद्धतच अशी ढगळ आहे, की मी गाढवपणा केला, की त्याने?

---

सातपूरचा_गडी
मंगळवार, रात्री १०:५१

लेझरवाला बदला. नायट्रोजनवर फायबर लेझरने पातळ पत्रा कापतात तेव्हा कड अगदी स्वच्छ येते. तुमच्याकडे कुणीतरी जुन्या मशीनवर दिवाळी केलेली दिसते.

---

भोसरीकर
मंगळवार, रात्री ११:०२

@सातपूरचा_गडी, फायबर लेझरच होता आणि नायट्रोजनच होता. मणी कमी झाले असते हे मान्य. पण ०.२ मिमीच्या कडक स्प्रिंग पत्र्याची कड वितळवूनच कापली जाणार ना? तेवढ्या पट्ट्यातला कडकपणा जातो तो जातोच.

---

रसायनकाका
बुधवार, सकाळी ६:४०

पहाटे उठायची सवय, म्हणून पहिला सविस्तर प्रतिसाद माझा. आधी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक्सचे सर्किट बोर्ड) आणि मग धातूचे पातळ भाग, अशी तीस वर्षं फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावणात काढली आहेत. माझे बनियनसुद्धा पिवळे आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गाढवपणा दोघांचा, थोडा थोडा. पद्धत ढगळ नाही.

आधी पद्धत, कारण इथे बऱ्याच जणांना वाटतं की फोटो काढून ॲसिडमध्ये बुडवलं की झालं. पत्रा आधी झक्क धुतात. बोटाचा ठसा राहिला तरी पुढे तिथे रोग उठतो. मग दोन्ही बाजूंना फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा आणि खालचा धातू राखणारा थर चढवतात. ती पीसीबीवाली निळी पातळ फिल्म असते, गरम रोलरमधून दाबून बसवायची. त्यावर वर एक आणि खाली एक अशा दोन फिल्म, म्हणजे भागाची निगेटिव्ह, एकमेकींशी तंतोतंत जुळवून ठेवायच्या आणि अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तिथला रेझिस्ट घट्ट होतो. बाकीचा रेझिस्ट, सुमारे एक टक्का धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात निघून जातो आणि खाली उघडा धातू दिसतो. हे सगळं पिवळ्या दिव्याच्या खोलीत. मग पत्रा एचिंग मशीनच्या जाळीवरून सरकतो आणि वरून-खालून ४५-५० अंशांच्या फेरिक क्लोराइडचे फवारे बसतात. स्टेनलेसमध्ये मिनिटाला दहा ते पंचवीस मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) या वेगाने धातू जातो. शेवटी कॉस्टिकमध्ये रेझिस्ट सोलायचा.

आता तुमचं दुखणं. द्रावणाला खाली आणि बाजूला यातला फरक कळत नाही. उघडा धातू दिसला की ते खाणार. खाली खणत जातं तसं रेझिस्टच्या पोटाखाली आडवंही शिरतं. मशीनमधून पत्रा बाहेर येतो तेव्हा रेझिस्ट सोलायच्या आधी भिंगाखाली बघा: प्रत्येक फटीच्या काठावर निळा रेझिस्ट छज्ज्यासारखा पुढे आलेला असतो, खाली काही नाही. नखाने दाबला की मोडतो. तो छज्जा जेवढा रुंद, तेवढं आडवं खाल्लं.

तुमचेच आकडे घ्या. ०.२ चा पत्रा दोन्हीकडून खाल्ला, म्हणजे एकेका बाजूने ०.१ खोल. हात १.२० चा १.०८ झाला, म्हणजे एकेका कडेला ०.०६ गेलं. ०.१ खोल, ०.०६ आडवं, म्हणजे एचिंग फॅक्टर (खोली भागिले आडवं) १.७ च्या आसपास. स्टेनलेसला हे अगदी व्यवस्थित काम आहे! प्रोसेस चांगली चालली होती, फिल्मच चुकीची होती. ती काढतानाच हात १.३२ आणि फट त्याच हिशेबाने अरुंद काढायची असते. याला आम्ही कॉम्पेन्सेशन म्हणतो. एचिंगवाल्याने तुमची फाइल तशीच छापली, ही त्याची चूक.

तुमची चूक: ०.१५ ची फट. तिचं कॉम्पेन्सेशन केलं तर फिल्मवर ०.०३ ची रेघ उरते. तेवढ्या चिरेतून रेझिस्ट धड धुतला जात नाही, ताजं द्रावण आत जात नाही, आणि मग फट कुठे उघडते, कुठे बुजलेली राहते. ढोबळ नियम लिहून घ्या: भोक किंवा फट पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान नको, जाडीच्या १.१ ते १.२ पट तरी हवी. आतल्या कोपऱ्याची गोलाई साधारण जाडीएवढी येणारच. माप जाडीच्या दहा टक्के इकडे-तिकडे, पण पातळ पत्र्यातसुद्धा अधिक-उणे ०.०२ च्या खाली कुणी लिहून देत असेल तर त्याला दोनदा विचारा.

आणि तो मधला कंगोरा म्हणजे दोन्हीकडून आलेल्या वाट्या जिथे भेटतात तो बांध. पत्रा आरपार झाल्यावर आणखी थोडा वेळ ठेवला की तो झिजतो आणि कड उभी होत जाते. तेवढा जास्तीचा वेळही कॉम्पेन्सेशनमध्ये धरायचा असतो.

---

भोसरीकर
बुधवार, सकाळी ९:१५

काका, साष्टांग. अजून चहा प्यायलो नाही आणि हे दोनदा वाचलं. ०.०६ चा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही.

---

नुसता_वाचक
बुधवार, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली आहे. यातलं निम्मं कळलं नाही, पण छज्जा कळला.

---

चाकणप्लेटर
बुधवार, दुपारी १:१०

प्लेटिंगवाला आहे, म्हणून एक शंका. कडक स्प्रिंग स्टील ॲसिडमध्ये पिकल केलं, म्हणजे बुडवून साफ केलं की हायड्रोजन आत शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. आम्ही झिंक प्लेटिंगनंतर त्यासाठीच तासन् तास बेकिंग करतो, म्हणजे भट्टीत तापवून तो हायड्रोजन घालवतो. मग इथे अख्खा भागच ॲसिडने कापताय, तर स्प्रिंग काचेसारखी फुटायला नको का?

---

रसायनकाका
बुधवार, दुपारी ३:४५

प्रश्न एक नंबर. उत्तर रसायनात आहे. साध्या हायड्रोक्लोरिकमध्ये लोखंड विरघळतं तेव्हा हायड्रोजन सुटतो. फेरिक क्लोराइडमध्ये तसं होत नाही. लोखंडाचा एक अणू दोन फेरिक क्लोराइडना भेटतो आणि तिघांचं मिळून तीन फेरस क्लोराइड होतं. इलेक्ट्रॉन घ्यायला फेरिक स्वतः हजर असतं, हायड्रोजनची पाळीच येत नाही. मोकळं ॲसिड आम्ही थोडंच ठेवतो, तेही गाळ बसू नये म्हणून. त्यामुळे ठिसूळपणाची तक्रार मी या कामात पाहिली नाही. पण कुणी आळशीपणे पत्रा आधी हायड्रोक्लोरिकमध्ये रात्रभर भिजत ठेवला तर ते पाप एचिंगच्या माथी मारू नका.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. काम करता करता फेरिकचं फेरस होत जातं, द्रावण म्हातारं होतं, वेग पडतो. सकाळी पहिल्या पत्र्याला कन्व्हेअरचा जो वेग होता तोच संध्याकाळी ठेवला तर संध्याकाळचे हात जाड निघतात. म्हणून द्रावणाचं पोटेन्शियल (फेरिक किती शिल्लक आहे ते सांगणारा व्होल्टेज) मीटरवर बघत राहायचं आणि क्लोरेट व ॲसिड घालून फेरस पुन्हा फेरिक करायचं. ज्याच्याकडे हा मीटर नाही त्याच्याकडे ०.०२ चं माप मागू नका.

---

जुना_ब्लॉकवाला
बुधवार, रात्री ९:०५

रसायनकाकांचा छज्जा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांचा पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ ब्लॉक बनवायचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक मोरी. ऑफसेट यायच्या आधी वर्तमानपत्रात, दिवाळी अंकात, लग्नपत्रिकेत जे चित्र छापायचं त्याचा जस्ताचा ब्लॉक लागायचा. आणि तुमचं हे केमिकल एचिंग म्हणजे तोच ब्लॉक, फक्त आरपार!

प्लेटवर बायक्रोमेट (सरस उजेडाने घट्ट करणारा क्षार) घातलेला सरस किंवा फिश ग्लू ओतायचा, फिरवून सारखा पसरायचा, निगेटिव्ह ठेवून आर्क दिव्याखाली धरायचा. उजेड लागला तिथला सरस घट्ट, बाकीचा पाण्यात गेला. जस्ताला नायट्रिक, तांब्याच्या हाफटोनला (ठिपक्यांत फोडलेल्या फोटोच्या ब्लॉकला) फेरिक क्लोराइड. वर्तमानपत्रासाठी इंचाला ५५-६५ रेघांची जाळी, आर्ट पेपरला १३३. आकडे अजून तोंडपाठ आहेत, परवाचं जेवण आठवत नाही.

आता आडव्या खाण्याची गंमत. रेघेच्या पोटाखाली ॲसिड शिरलं की रेघ तळाशी बारीक होणार आणि हजाराव्या प्रतीला मोडून पडणार. त्यावर वडिलांकडे उपाय होता: ड्रॅगन्स ब्लड नावाची लाल राळेची पूड. थोडं खाऊ द्यायचं, प्लेट काढून धुवायची, ब्रशने पूड एका दिशेने झाडायची म्हणजे ती रेघेच्या भिंतीला साठते, गरम करून वितळवायची, थंड करायची. मग दुसऱ्या दिशेने. अशा चारही दिशा. मग पुन्हा ॲसिड. भिंत राखलेली, फक्त तळ उघडा. पुन्हा पूड. एका खोल ब्लॉकला अशा तीन-चार फेऱ्या. घरभर लाल पूड, आई वैतागलेली. पुढे पावडरलेस एचिंग आलं. द्रावणातच असं काही मिसळायचं की ते भिंतीला आपोआप थर धरतं. पूड गेली, आणि काही वर्षांत ऑफसेटने ब्लॉकही नेला.

अवांतर: चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके याच धंद्यात होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि पुढे ब्लॉकमेकिंग, एनग्रेव्हिंग, रंगीत छपाई केली. म्हणजे पडद्यावर पहिला हरिश्चंद्र दाखवणाऱ्या माणसाच्या बोटांनाही बहुधा बायक्रोमेटचे डाग असणार!

---

रसायनकाका
बुधवार, रात्री ९:४०

ब्लॉकवाले, वा! चार दिशांची पूड ऐकून होतो, कुणी पाहिलेला माणूस आज भेटला. आणि मूळ अजून मागे जातं. जर्मनीत ऑग्सबुर्गचा डॅनिएल हॉप्फर चिलखतांवर ॲसिडने नक्षी कोरायचा, १५०० च्या आसपास. तेच तंत्र त्याने छापायच्या पत्र्यावर आणलं. उजेडाने घट्ट होणारा बायक्रोमेटचा थर आणि धातू खाणारं द्रावण यांची जोडी फोटोग्राफीचा एक जनक, इंग्लंडचा टॅलबॉट, याने १८५० च्या दशकात जमवली. चिलखत, चित्र, मग पीसीबी, मग भोसरीची स्प्रिंग.

मधे एक मोठं काम राहिलं. जुन्या डबा रंगीत टीव्हीच्या काचेमागे एक पोलादी पडदा असायचा, शॅडो मास्क. जाडी ०.१५ मिमीच्या आसपास, त्यात लाखो भोकं, आणि प्रत्येक भोक एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठं, म्हणजे तिरकी येणारी इलेक्ट्रॉनची धार काठावर आपटू नये. पंचने अशी लाखो भोकं कोण मारणार? सगळी एचिंगची. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आपण रंगीत टीव्हीसमोर गर्दी केली तेव्हा त्यातल्या बहुतेक डब्यांत हा पत्रा होता. आता मोबाइलच्या ओलेड पडद्याचे रंग ज्या मुखवट्यातून बसवतात तोही इन्व्हारचा (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा) एच केलेला पत्रा, जाडी वीस-तीस मायक्रॉन.

---

घडणावळ_मृण्मयी
गुरुवार, सकाळी ११:२०

काका, ब्लॉकवाले दादा, मी पितळेचे आणि तांब्याचे दागिने करते, घरीच एचिंग करते. लेझर प्रिंटरवर डिझाइन छापून इस्त्रीने पत्र्यावर उतरवायचं, मागची बाजू पॅकिंग टेपने झाकायची आणि पत्रा उपडा फेरिक क्लोराइडवर तरंगत ठेवायचा, म्हणजे विरघळलेला मळ खाली पडतो. जाळीदार कानातले केले की काही कड्या अगदी दोऱ्यासारख्या बारीक होतात, काही जाड राहतात. मला वाटायचं पत्राच खराब. आता कळलं, मी एकाच बाजूने आरपार खातेय म्हणजे आडवंही दुप्पट!

आणि एक कबुली. पहिल्या वर्षी वापरलेलं द्रावण स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकमध्ये ओतलं. आठवड्याने जाळीभोवती सुईच्या टोकाएवढे खड्डे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या हे संस्थळ वाचत नाहीत अशी आशा आहे.

---

सातपूरचा_गडी
गुरुवार, सकाळी ११:४१

ताई, तुम्ही सिंकचं एचिंग केलंत. कॉम्पेन्सेशन धरलं होतं का?

---

नावडतीचं_मीठ
गुरुवार, दुपारी १२:१५

सगळे हसतायत म्हणून जरा विरजण घालते. स्टेनलेस खाल्लेल्या द्रावणात निकेल आणि क्रोमियम असतं, पितळ-तांब्याच्या द्रावणात तांबं. हे गटारात ओतणं म्हणजे ओढ्यातल्या माशांना विष. भोसरीकर, स्वस्तातला एचिंगवाला शोधताना तो वापरलेलं द्रावण कुठे पाठवतो हे विचारलंत का? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि घातक कचऱ्याची पावती आहे का? आमच्या नदीकाठच्या सोसायटीला फेसाचा वास रोज येतो, म्हणून विचारते.

---

भोसरीकर
गुरुवार, दुपारी १२:५०

खरं सांगतो, नाही विचारलं. दर विचारला आणि चलान मागितलं, संपलं.

---

रसायनकाका
गुरुवार, संध्याकाळी ६:१०

मीठताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्या कारखान्यात धुण्याचं पाणी वेगळं आणि मेलेलं द्रावण वेगळं. धुण्याच्या पाण्यात चुना घालून पीएच ८-९ वर नेला की धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. तो गाळ फिल्टर प्रेसमधून काढून वाळवायचा आणि रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवायचा. मेलेलं द्रावण अधिकृत रिसायकलरकडे. याला पैसे पडतात, आणि जो दर फारच खाली सांगतो तो हेच पैसे वाचवत असतो. एक गंमत सांगतो, फेरिक क्लोराइड स्वतः पाणी शुद्ध करायला वापरतात, गाळ खाली बसवायला. दोष त्याने पोटात घेतलेल्या निकेल-तांब्याचा आहे.

मृण्मयीताई, तुम्ही प्लास्टिकच्या बादलीत द्रावण साठवा. त्यात लोखंडाचा कीस टाकला की तांबं लालसर गाळ होऊन त्यावर बसतं. तरी उरलेलं मोरीत नको, चुना घालून, गाळ बसवून, तो घातक कचरा म्हणूनच द्या. पितळेतलं जस्त द्रावणातच राहतं हे लक्षात ठेवा. आणि कुणी सांगितलं तरी ॲल्युमिनियमवर हा प्रयोग घरी करू नका. द्रावण एकदम तापतं, फसफसतं, हायड्रोजन सुटतो. टायटॅनियमला तर हायड्रोफ्लोरिक लागतं, त्याचं नावही घरात काढू नका.

---

लीड्सवासी
गुरुवार, रात्री ११:३०

मी इकडे इंग्लंडात छंद म्हणून रेल्वेची मॉडेल्स जुळवतो. डब्यांचे पितळी आणि जर्मन सिल्व्हरचे (तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे) किट एच केलेल्या पत्र्यावरच येतात. खिडक्या, रिव्हेट, पायऱ्या सगळं एका पत्र्यावर, बारीक टॅबांनी धरलेलं. घडी घालायच्या जागी अर्धी जाडी खाल्लेली रेघ असते आणि ती नेहमी घडीच्या आतल्या बाजूला घ्यायची. उलटं केलं की कोपरा गोल येतो आणि तडकतो. मी पहिला डबा उलटा घडी केला होता.

भोसरीकर, तुमच्या स्प्रिंगला नंबर किंवा बाण हवा असेल तर तोही अर्धवट खाऊन त्याच पत्र्यात फुकटात येतो.

---

रसायनकाका
शुक्रवार, सकाळी ६:३०

फुकटात येतो, पण स्प्रिंगवर जपून. कडक रोल केलेल्या पत्र्यात दोन्ही पृष्ठांवर ताण कोंडलेला असतो, समोरासमोर तोललेला. एकाच बाजूचा थर खाल्ला की तोल जातो आणि पत्रा पापडासारखा वळतो. खूण करायची तर बाहेरच्या कड्यावर करा, हातांवर नको. पत्र्याची रोलिंगची दिशाही ड्रॉइंगवर लिहा. तीन हात तीन दिशांना जाणार, त्यामुळे एखादा हात कायम आडवा पडणारच, पण निदान प्रत्येक लॉटमध्ये तोच पडेल.

आणि फिल्म! पॉलिएस्टर फिल्म दमट हवेत वाढते, आर्द्रतेच्या एका टक्क्याला लाखात एक भाग, साधारण. मे महिन्यात काढलेली ३०० मिमीची फिल्म जुलैत वापरली, आर्द्रता तीस टक्के वाढली, तर ०.०९ मिमी लांब झाली. तुमच्या २८ मिमीच्या एका नगात ते ०.०१ मिमीच्या आतच राहतं, पण वरची फिल्म कोरड्या खोलीत आणि खालची दमट खोलीत पडून असेल तर पत्र्याच्या एका टोकाला दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. कडेला पायरी दिसते. नख लावून बघायची ती हीच दुसरी गोष्ट.

---

सातपूरचा_गडी
शुक्रवार, सकाळी १०:०५

एवढं सगळं ऐकून मी लेझरचा हट्ट अर्धा सोडतो. पाच नग उद्या सकाळी हवे असतील तर लेझर. पाच लाख हवे असतील तर डाय. मधल्या सगळ्याला तुमचं ॲसिड. आणि १.५ मिमीच्या वर जाडी गेली तर काका, तुम्ही पण आमच्याकडेच येणार.

---

रसायनकाका
शुक्रवार, सकाळी १०:२०

१ मिमीच्या वरच येऊ लागतो. जेवढं खोल तेवढं आडवं आणि तेवढा वेळ. तिथे तुमचंच राज्य.

---

भोसरीकर
पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

धागा वर काढतोय, कारण शेंडा-बुडखा न सांगता पळणं बरं नाही.

एचिंगवाला बदलला नाही. त्याच्याकडे काकांचा पहिला प्रतिसाद छापून घेऊन गेलो आणि दोघं टेबलावर बसलो. माणूस वाईट नाही. त्याचं बहुतेक काम नेमप्लेट आणि जाळ्यांचं, तिथे ०.०६ कुणी मोजत नाही, त्यामुळे फाइल आली तशी छापायची सवय. मीटर आहे त्याच्याकडे. कचऱ्याच्या पावत्याही दाखवल्या, मीठताई, फाइल काढून.

ड्रॉइंग बदललं. फट ०.१५ वरून ०.३०, त्यासाठी मधला गोल थोडा लहान केला. फटीच्या टोकाला टोकदार कोपरा होता तिथे ०.४ ची गोलाई, थेंबासारखी. हाताची रुंदी १.२० तीच. आणि ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहिलं: ही तयार भागाची मापं आहेत, फिल्मची नाहीत. फिल्मवर हात १.३२ आणि फट ०.१८ गेली. आधी एकच पत्रा खाऊन बघितला, त्यावर हात १.२३ आला, म्हणजे कमी खाल्लं. कन्व्हेअर जरा हळू केला. दुसरा पत्रा १.२०.

लॉटमधले तीस नग प्रोफाइल प्रोजेक्टरवर (भागाची सावली मोठी करून मोजणारं यंत्र) लावले. हात १.१९ ते १.२१, दोन नग १.२२. ते दोन्ही पत्र्याच्या मधल्या भागातले निघाले. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, वरच्या बाजूला मध्यावर द्रावणाचं तळं साचतं, ताजा फवारा धातूपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे कमी खातं. मध्यावरचा कंगोरा अजून आहे, पण भिंग लावून शोधावा लागतो. टॅब तोडल्यावर बाहेरच्या कडेला कुसळाएवढा दाणा उरतो. टॅबची जागा थोडी आत घेतली की तो बाहेरच्या मापात येणार नाही, हे पुढच्या फिल्मला.

टेस्ट रिगवर सहा नग लावले. शुक्रवारी सकाळी आठला चालू केलं. दहा लाखांना सुमारे छप्पन्न तास लागतात, त्यामुळे मुलाच्या वाढदिवसाला केक कापून दोनदा युनिटवर चक्कर. आत्ता निघताना काउंटर दहा लाख सतरा हजार. सहाही हात शाबूत. बंद केलं नाही, बघू कधी मोडतायत.

जुने पाचशे नग भंगारात दिले नाहीत. ब्लॉकवाले काका, तुम्ही अप्पा बळवंत चौकात असता का अजून? एक न तोडलेला अख्खा पत्रा आहे, टॅबांसकट, त्यावर चाळीस वाया गेलेल्या स्प्रिंगा. तुम्हाला बघायचा असेल तर आणतो.

---

जुना_ब्लॉकवाला
रविवार, संध्याकाळी ७:१५

कोथरूडला असतो आता, मुलाकडे. जरूर आणा. वडिलांचा एक जस्ताचा ब्लॉक ठेवलाय, भिंतीला लाल पूड अजून चिकटलेली आहे, शेजारी ठेवून बघू. पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, कडा बोटं कापतात. चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते आधी कळवा.